एकाच दगडावर

वारंगा फाट्यावर तीन रस्ते एकत्र येतात. एक कळमनुरी-हिंगोलीकडून, दुसरा नांदेडहून, आणि तिसरा हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे जाणारा. ट्रकवाले इथे खिचडीसाठी गाडी बाजूला घेतात, एसटीतून उतरलेले लोक पुढच्या गाडीची वाट पाहत चहा घेतात. अलीकडे या फाट्यावरून परदेशी जाणारी माणसंही वाढली आहेत. कळमनुरी, वसमत, हिंगोलीकडची मुलं पुण्या-हैदराबादच्या मार्गाने अमेरिकेत, जर्मनीत पोचली. मग त्यांचे आईवडील नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा रस्ता धरून हैदराबादचं विमानतळ गाठू लागले. तिकडे मुलं जी ठिकाणं दाखवतात त्यांत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, म्हणजे होलोकॉस्टचं, वॉशिंग्टनमधलं संग्रहालय असतं, बर्लिनचं स्मारक असतं, एखाद्या सहलीच्या कार्यक्रमात पोलंडमधली आउश्वित्झची छावणीही असते. बघणारा हादरतो. कालपर्यंत शेजारी राहणाऱ्यांशी माणसं असं कसं वागू शकली, हा प्रश्न घेऊन तो परततो. प्रश्न मनापासूनचा असतो. पण विमानतळाकडे जाताना तो ज्या रस्त्याने गेला, त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना हा प्रश्न पंचाहत्तरहून अधिक वर्षं पडून आहे. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हैदराबाद संस्थानात त्या सालच्या हिंसाचारात सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या आठ जिल्ह्यांची नावं लिहिली. त्यांत नांदेड आहे, आणि संगारेड्डी ज्याचं मुख्य ठिकाण होतं तो मेदकही आहे. परदेशातली ही संग्रहालयं पाहून आलेल्याने तिथली हळहळ तर आणावीच, पण तिथली पद्धतही आणावी आणि ती आपल्या फाट्यावर, आपल्या तालुक्यात वापरून पाहावी, असं मला फार कळकळीने वाटतं.

ती पद्धत आधी नीट पाहिली पाहिजे, कारण अंगावर येणाऱ्या दृश्यांत ती झाकली जाते. आउश्वित्झमध्ये काचेमागे प्रवासी पेट्यांचा ढीग आहे. कातड्याच्या, पुठ्ठ्याच्या, कोपरे झिजलेल्या. बहुतेकींवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं आहे, कुठे सोबत जन्मतारीख, कुठे गावचा पत्ता. सामान नंतर परत मिळेल असं लोकांना वाटावं अशी व्यवस्था होती, म्हणून त्यांनी अक्षरं मोठी, ठसठशीत काढली. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले जवळजवळ १० लाख ज्यू. हा आकडा डोक्यात मावत नाही. पेटीवरचं नाव मावतं. वॉशिंग्टनचं संग्रहालय १९९३ मध्ये उघडलं, तेव्हापासून तिथे शिरणाऱ्याच्या हाती एक छोटं ओळखपत्र देतात. त्यावर त्या काळात खरोखर जगलेल्या एका माणसाचं नाव असतं, आणि मजल्यामागून मजला उतरताना त्याचं पुढे काय झालं ते कळत जातं. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने मेलेल्यांच्या नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, ओळखीच्या लोकांकडून साक्षीपत्रं भरून घेतली. मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंपैकी सुमारे ५० लाखांची नावं आज तिथे जमा आहेत. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते कुठल्याच इमारतीत नाही. गुंटर डेमनिग नावाच्या जर्मन कलावंताने १९९० च्या दशकात रस्त्याच्या फरसबंदीत पितळी पत्र्याचे छोटे चौकोनी ठोकळे बसवायला सुरुवात केली. लांबी-रुंदी दहा सेंटिमीटर. माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचा ज्या घरात राहिला त्याच घरापुढे ठोकळा. वर मजकूर, इथे अमुक राहत होते, जन्म अमुक साली, अमुक साली नेलं, अमुक ठिकाणी मारलं. युरोपभर असे एक लाखावर ठोकळे झाले आहेत. छावणी दूर कुठेतरी होती, पण माणूस गेला तो या दारातून, या गल्लीतून, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, हे तो ठोकळा सांगतो. जर्मनीने तर याच्याही पुढे जाऊन स्वतःच्या राजधानीच्या ऐन मध्यावर, २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक आपण मारलेल्यांसाठी उभारलं. त्यावर १९८८ पासून वाद झाला, १९९९ मध्ये संसदेने ठराव केला, २००५ मध्ये ते खुलं झालं. सतरा वर्षांचा तो वाद हा त्या स्मारकाचाच भाग आहे.

मराठी प्रवासी हे सारं पाहतो आणि त्याच्या मनात एक सुखावणारा विचार हमखास येतो, की आपल्याकडे ज्यूंना कधी कुणी बोट लावलं नाही. हे बहुतांशी खरं आहे आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावं शनवार तेली म्हणत, शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत निर्धास्त राहिले. नाझींच्या छळातून सुटलेल्या काही डॉक्टरांनी, कलावंतांनी मुंबई गाठली. आकाशवाणीची जी ओळखधून ऐकत पिढ्यांची सकाळ झाली ती प्रागहून १९३४ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्टर काउफमान या ज्यू संगीतकाराच्या नावावर आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धाने देशोधडीला लागलेली हजारो पोलिश माणसं १९४३ पासून पाच वर्षं राहिली. पण या अभिमानाच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवावी लागते. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ घरोघरी वाचणाऱ्या याच समाजात हिटलरचं आत्मचरित्र रेल्वे स्टेशनच्या आणि बसस्टँडच्या पुस्तकांच्या स्टॉलवर यशस्वी होण्याच्या पुस्तकांच्या रांगेत लावलेलं दिसतं. ‘त्याच्यासारखा एक पाहिजे’ हे वाक्य चहाच्या टपरीवर कुणालाच दचकवत नाही. दुसऱ्याच्या पापाची कथा ऐकणाऱ्याला आपण तिच्याबाहेर उभे आहोत असं वाटत राहतं, आणि मग खलनायकाची शिस्त तेवढी त्याला आवडून जाते. आपल्या मातीतलं असंच काही त्याने कधी नावासकट पाहिलेलं नसतं, हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आपल्या मातीतलं म्हणजे १९४७-४८ चं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पैनगंगेच्या पलीकडचं वऱ्हाड स्वतंत्र झालं आणि अलीकडचा मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला. आज फाट्यावरून निघालेली गाडी हदगाव ओलांडून पूल पार करते, त्या पुलाखालची पैनगंगा त्या तेरा महिन्यांत दोन राज्यांमधली सरहद्द होती. निजामाची सत्ता टिकवायला उभ्या राहिलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी अलीकडच्या गावांवर खंडणी बसवली. दिली तर ठीक, नाही तर लूट, आणि गावाने हात उगारला तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. माणसं रात्रीतून बैलगाड्या जुंपून वऱ्हाडात गेली; सरहद्दीच्या गावांत लढणाऱ्या तरुणांच्या छावण्या पडल्या. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे याआधीच, १९४६ मध्ये, मारले गेले होते. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये मोठं हत्याकांड झालं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली झालेला निजामाविरुद्धचा हा लढा लोकशाहीसाठी आणि न्यायासाठी होता, यात मला तिळमात्र शंका नाही. तो धर्माविरुद्धचा नव्हता, याचाही पुरावा आहे. भारतातल्या विलीनीकरणाची बाजू घेणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनीच मारलं. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर याच काळात वाढले आणि पुढे आयुष्यभर या संग्रामाचा अर्थ लावत राहिले. वसमतचं महाविद्यालय हुतात्मा बहिर्जींच्या नावाने चालतं. हा वारसा इथल्या माणसाच्या अंगात आहे आणि तो असलाच पाहिजे.

पण १७ सप्टेंबर १९४८ ला कॅलेंडर थांबलं नाही. १३ सप्टेंबरला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणून भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. नोव्हेंबरच्या शेवटापासून २१ डिसेंबरपर्यंत ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. २१ शहरं, २३ मोठी खेडी त्यांनी पाहिली, आणि जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांच्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि त्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि ती मुख्यतः मुसलमान होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजारांवर. औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक या चारांत किमान ५ हजार. वारंगा तेव्हा ज्या परभणी जिल्ह्यात होतं त्याचं नाव या आठांत नाही. पण फाट्यावरून दक्षिणेला निघालं की अर्धापूरपाशी नांदेडची हद्द लागलेलीच असते. लातूरबद्दल अहवालात लिहिलं आहे, की वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला तिथे सापडले, हजारावर मेले होते, बाकीचे पळून गेले होते. विहिरी प्रेतांनी भरल्याच्या नोंदी आहेत. सोलापूरकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचा उल्लेख आहे; काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या लोकांनी लुटीला फूस दिल्याचा, काही ठिकाणी स्वतः भाग घेतल्याचाही आरोप आहे. पण टोळी परकी असली तरी घर दाखवणारा गावचा असतो. पिंजारी कुठे राहतो, मुलाण्याचं दार कुठलं, हे सोलापूरहून आलेल्याला कुठून ठाऊक असणार?

या दोन प्रकरणांपैकी पहिलं आपण दगडावर कोरलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रभर दोनशेच्या आसपास हुतात्मा स्मारकं उभी राहिली, त्यांत मराठवाड्याच्या वाट्याचीही आली. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, पालकमंत्री येतात, पोलीस मानवंदना देतात. गोरट्याला २०२३ मध्ये मोठं स्मारक झालं. हे सगळं योग्य झालं. दुसऱ्या प्रकरणाचं मात्र काय झालं? सरदार पटेलांना तो अहवाल एकांगी वाटला, रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेसं स्थान मिळालेलं नाही असं त्यांचं मत होतं, आणि सरकारने तो छापला नाही. कित्येक दशकं तो फायलीत राहिला. त्यातले भाग अभ्यासकांच्या पुस्तकांतून बाहेर पडले, आणि २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळू लागला. तोवर तो ज्यांच्याबद्दल होता ती घरंही राहिली नव्हती. शाळेच्या पुस्तकात रझाकार आहेत, पोलीस अ‍ॅक्शन आहे, मुक्तीचा दिवस आहे. त्यानंतरचा ऑक्टोबर नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. होलोकॉस्टची तुलना कशाशी करायची? एका आधुनिक राष्ट्राने कायदे करून, रेल्वेची वेळापत्रकं आखून, विषारी वायूच्या खोल्या बांधून एक अख्खा समाज पृथ्वीवरून पुसायचा ठरवला. मराठवाड्यात असं काही झालं नाही, आणि झालं असं म्हणणं म्हणजे दोन्हीकडच्या मेलेल्यांचा अपमान आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी आउश्वित्झच्या मापाने मराठवाडा मोजत नाही. त्याच पोलंडमधल्या येडवाब्ने नावाच्या छोट्या गावाशी मात्र ताडून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. १० जुलै १९४१ ला, जर्मन फौजा येऊन थोडेच दिवस झाले असताना, त्या गावातल्या पोलिश लोकांनी आपल्याच गावातल्या ज्यूंना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. जर्मनांची फूस होती, हात गावकऱ्यांचे होते. पुढच्या काळात तिथे जो दगड बसवला त्यावर कोरलं होतं, की हे काम गेस्टापो आणि हिटलरी पोलिसांचं. गावाने तो दगड कित्येक वर्षं पाहिला आणि तेच खरं मानलं. २००० मध्ये यान ग्रॉस या इतिहासकाराचं पुस्तक आलं, देशभर रण माजलं, सरकारी चौकशीत किमान ३४० माणसं मारली गेल्याचं आणि मारणारे गावातलेच असल्याचं निघालं. २००१ मध्ये तो दगड काढला गेला आणि त्या हत्याकांडाला साठ वर्षं झाली त्या दिवशी पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथे जाऊन क्षमा मागितली. गावातल्या अनेकांनी कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. नव्या दगडावरही मारणाऱ्यांचा उल्लेख नाही, एवढं ते अवघड गेलं. आणि लक्षात घ्या, पोलिश माणूस काही आरामात नव्हता. दोन वर्षं त्या भागाने सोव्हिएत सत्ता भोगली होती, मग जर्मन आले. पोलंडची लाखो माणसं त्या युद्धात मेली. ज्याने सोसलं त्याच्याच हातून दुसऱ्याच दिवशी अन्याय झाला. आपल्या १९४८ ची गाठ नेमकी हीच आहे.

दुसरा आक्षेप गावाकडे सर्वांत आधी ऐकू येतो: सुरुवात त्यांनी केली, हे त्याचं उत्तर होतं. रझाकारीत ज्याचं घर जळलं त्याच्या तोंडी हे वाक्य आलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण पंचाहत्तर वर्षांनंतर ते त्याच्या नातवाच्या तोंडी आलं तर विचारलं पाहिजे, की उत्तर नेमकं कुणाला मिळालं? ज्या निजामाच्या नावाने हे राज्य चाललं तो २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. कासीम रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. तिथेच मेला. त्याच्याच लातुरात हजारावर माणसं मेली ती मात्र गल्लीतली, बाजारातली. रझाकारांत सामील झालेले त्यांच्यात असतील, नव्हते असं म्हणणं भोळेपणाचं ठरेल. पण विणकर, तांबोळी, त्यांची पोरंबाळं आणि विहिरीत उड्या घातलेल्या बायका कुठल्या दलात होत्या? न्याय म्हणजे ज्याने केलं त्याला शिक्षा. इथे ज्याने करवलं तो सुटला आणि ज्याची दाढी त्याच्यासारखी होती तो मेला. या फरकाची नोंद ठेवल्याने मुक्तिसंग्रामाला कमीपणा कसा येतो ते मला समजत नाही. संग्राम ज्यांनी लढला त्यांची मान ताठ आहे ती त्यांच्या स्वतःच्या कृत्यांमुळे. सप्टेंबरनंतर शेजाऱ्याची म्हैस आणि शेत बळकावणाऱ्याला त्यांच्या आडोशाला उभं करण्याचं कारण नाही.

मग म्हणतात, जुन्या जखमा उकरू नका. गावं आता गुण्यागोविंदाने राहतात, उरूस आणि सप्ते शेजारी शेजारी होतात. हा आक्षेप मला सगळ्यांत आदराचा वाटतो, कारण तो बहुधा चांगल्या माणसाचा असतो. पण जखम बंद आहे हेच खरं नाही. रझाकार हा शब्द दर निवडणुकीत सभांतून फेकला जातो आणि तो आजच्या शेजाऱ्याला उद्देशून असतो. अर्धी आठवण जिवंत ठेवून उरलेली अर्धी गाडली की शांतता होत नाही. एका बाजूला गुर्मी आणि दुसऱ्या बाजूला धास्ती होते, आणि दोघं एकाच टपरीवर चहा पितात म्हणून ती दिसत नाही. मौनाने आणखी एक नुकसान केलं आहे, ज्याची फारशी खंत कुणाला वाटत नाही. सुंदरलाल समितीला असे दाखले मिळाले होते, की हिंदू विणकरांनी हल्ला करणाऱ्या हिंदूंपासून आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना वाचवलं, आणि त्यापायी काहींनी स्वतःचा जीवही दिला. पळवलेल्या बायका परत मिळवून देण्यात हिंदूंनी मदत केली. त्या विणकरांची नावं काय होती? कुठल्या स्मारकावर आहेत? याद वाशेमने १९६३ पासून ज्यूंना वाचवणाऱ्या इतरधर्मीयांची यादी ठेवली आहे, एकेका प्रकरणाची छाननी करून. २८ हजारांहून अधिक नावं त्यात झाली. आपण मारलेल्यांची नावं लपवायला गेलो आणि वाचवणाऱ्यांचीही घालवून बसलो. कारण वाचवलं असं सांगायचं तर कुणापासून, हे सांगावं लागतं. जो माणूस रात्रभर दाराला पाठ लावून उभा राहिला असेल, शेजाऱ्याची पोरं कडब्याच्या गंजीत लपवून टोळीसमोर खोटं बोलला असेल, तो मराठवाड्याच्या इतिहासातला मोठा माणूस आहे. त्याच्या नातवाला ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून चारचौघांत सांगता येत नाही. जखमा उकरू नका म्हणणाऱ्या चांगल्या माणसाने एवढा तरी विचार करावा, की त्याच्यासारख्याच चांगल्या माणसांच्या कथा या मौनाखाली दबल्या आहेत.

आणखी एक शंका अलीकडे विचारली जाते, आणि ती संग्रहालयांच्या मुळावरच घाव घालते. एवढ्या आठवणी जपून काय साधलं? ज्या राज्याने याद वाशेम उभारलं त्याच राज्याच्या बॉम्बखाली गाझातली हजारो मुलं मेली. सोसल्याची आठवण माणसाला न्यायी करते याची खात्री कुठे आहे? नाहीच. आणि हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण माझं म्हणणं यातूनच जास्त पक्कं होतं. फक्त आपल्या मेलेल्यांची आठवण माणसाला कठोर करू शकते. आपण नेहमीच सोसणारे असतो, म्हणून आपलं प्रत्येक कृत्य बचावाचं, असं त्याला वाटू लागतं. बर्लिनचं स्मारक आणि दारापुढचे पितळी ठोकळे वेगळे ठरतात ते याच ठिकाणी: ती आपल्या हातून मेलेल्यांची आठवण आहे. हैदराबादेत १९४८ च्या मुसलमानांची वेगळी पुस्तकं निघतात, मराठवाड्यात हुतात्म्यांची वेगळी, आणि दोन्हींचे वाचक एकमेकांना भेटत नाहीत. दोन वेगळी स्मारकं बांधली तर दोन वेगळ्या मिरवणुका निघतील. म्हणून यादी एकाच दगडावर हवी. रझाकारांनी मारलेले, पोलीस अ‍ॅक्शननंतर मारलेले आणि वाचवताना मेलेले, तिन्ही. कोण कुणाच्या हातून गेलं ते स्पष्ट लिहून. सगळे सारखेच बळी असं गुळमुळीत लिहिणंही नको. लढताना मेलेला हुतात्मा आणि घरात कापला गेलेला पिंजारी यांच्यात फरक आहे. तो फरक शब्दांत लिहावा, पण त्यासाठी दुसऱ्याचं नाव गाळू नये.

नावं आता मिळणार कुठून, असं विचारलं जाईल. सुंदरलाल समितीला तीन आठवड्यांत, मोडक्या रस्त्यांवरून फिरत, शंभरावर गावांची माहिती मिळाली होती. आज तालुक्याच्या ठिकाणी जुने सातबारे आहेत, हैदराबादी उर्दूतल्या फेरफारांच्या नोंदी आहेत. १९४८ आणि १९५० च्या दरम्यान जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली हे पाहिलं तरी पुष्कळ कळतं. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या फायलींत गावोगावच्या घटना तारखेनिशी आहेत. १९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलं आहे. त्याच्याजवळ बसून लिहून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत. जिथे नाव लागत नाही तिथे काम आणि गाव लिहावं: पिंजारी, अमुक वाडी. डेमनिगचे एक लाख ठोकळे एकेक करूनच बसले. हिंगोलीच्या शाळांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून किल्ले करता येतात, तर हेही करता येईल.

सुरुवात कुणी करावी, यावर मात्र माझं मत ठाम आहे. ज्यांच्या घरात स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट भिंतीवर आहे त्यांनी. ही मागणी मुसलमान मोहल्ल्यातून आधी आली तर तिला लगेच भलता रंग दिला जाईल, हे त्या मोहल्ल्यालाही पक्कं माहीत आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं गप्प आहे. ताम्रपटवाल्या घराच्या शब्दाला गावात मान आहे. त्यांच्या देशभक्तीबद्दल कुणी शंका घेणार नाही. आणि त्यांचे आजोबा ज्या राज्यासाठी लढले त्यात शेजाऱ्याला विहिरीत ढकलणं बसत नव्हतं, हे म्हणण्याचा हक्क त्यांना सगळ्यांत जास्त आहे. १५ ऑगस्टची ग्रामसभा दरवर्षी होते. तिथे त्यांनी उभं राहून दोन ओळींचा ठराव मांडावा, की १७ सप्टेंबरला झेंड्याखाली जी नावं वाचली जातात त्यांच्यासोबत त्या काळात या गावात मारल्या गेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचलं जाईल, आणि यादी करण्याचं काम शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांकडे आणि दोन्ही मोहल्ल्यांतल्या एकेका वडीलधाऱ्या माणसाकडे द्यावं.